जरा जाऊन येतो

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात मोरी मागच्या अंगाला होती. अप्पांना रात्री उठायचं झालं की मधल्या खोलीतून, आम्हा भावंडांच्या अंथरुणांच्या कडेकडेनं जावं लागे. ते दिवा लावत नसत. भिंतीला हात लावून अंदाजानं पावलं टाकत जात. मग मोरीच्या दाराची कडी वाजायची आणि त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. पहाटेच्या पाळीची बस पकडायची असायची, त्यामुळे झोप सावध. ती शांतता ऐकत मी कितीदा तरी जागा पडून राहिलो आहे. मग थेंब थेंब, मध्येच थांबून पुन्हा थेंब थेंब, शेवटी तांब्याभर पाणी ओतल्याचा आवाज आणि पुन्हा कडी. दीडेक तासानं सगळं परत तसंच.

अप्पा माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले. जुम्मादादा व्यायाम मंदिरात ऐन विशीत त्यांनी मल्लखांब आणि लाठी केली होती. साठी उलटली तरी पाठ ताठ होती आणि सकाळचे जोर चुकत नव्हते. अशा माणसाला रात्री मोरीत दहा-दहा मिनिटं ताटकळत उभं राहावं लागतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी ते कधी तोंडातून काढलं नाही.

बोललो नाही, म्हणून आम्ही भलतेच अर्थ लावत बसलो. अप्पांनी हळूहळू बाहेर जाणं सोडलं. आधी लांबचं, मग जवळचं. आईनं पंढरपूरचं ठरवलं तेव्हा ‘तुम्ही जाऊन या’ म्हणाले. एस.टी.च्या लांबच्या प्रवासात गाडी हवी तिथे थांबत नाही, हे खरं कारण होतं. आम्हाला वाटलं, त्यांना आता कशाची आसच उरली नाही. गाण्याच्या बैठकीला गेले तर दाराजवळची जागा धरत आणि मध्यंतराआधी उठत. लग्नात पंगतीला बसत नसत. संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नसत, वडोदऱ्याच्या मे महिन्यातही नाही. आई म्हणायची, ‘विरक्त झालेत.’ मीही पाहुण्यांना तेच सांगत असे, आणि त्या सांगण्यात थोडा अभिमानसुद्धा असायचा.

१९९१ साली एका रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. सरकारी दवाखान्यात नेलं, नळी घातली, पुढे महिन्याभरात प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर अप्पा अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत ते पंढरपूरला तीनदा गेले, ग्वाल्हेरला माझ्या धाकट्या भावाकडे जाऊन राहिले, माझ्या मुलीला रोज संध्याकाळी सूरसागरच्या काठानं फिरवून आणलं. विरक्ती वगैरे काही नव्हतंच. सात-आठ वर्षं ते एका सुपारीएवढ्या ग्रंथीपायी घरात अडकून पडले होते, आणि आम्ही त्याला वैराग्य म्हणत होतो. हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात तुटतं.

‘जरा जाऊन येतो.’ अप्पा एवढंच म्हणत. आपल्याकडे या विधीला शब्द थोडे नाहीत. लघुशंका म्हणतो, एक नंबर म्हणतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यात ‘अष्ठीला’ नावाचा एक आहे: गुदमार्ग आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, यांच्या मधोमध बसलेली, दगडासारखी घट्ट गाठ, जी लघवीची वाट अडवते. प्रोस्टेट बरोबर तिथेच असते, मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रनलिकेला वेढून. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणा वैद्याला रुग्णानं हे नीट सांगितलं होतं आणि त्यानं ते नीट ऐकून घेतलं होतं. आमच्या घरात तेवढंही झालं नाही.

आणि मी, ज्यानं हे सगळं अंधारात पडून ऐकलं, तोही पुढे तसाच वागलो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी निवृत्त झालो. वर्षभरात अंगात एक जडपणा भरला. दुपारी चारच्या सुमाराला डोळे मिटायला लागायचे. कमाटी बागेत तीन फेऱ्या मारणारा मी एका फेरीनंतर बाकावर बसायला लागलो. पोट सुटलं. कुठल्याच गोष्टीत मन लागेना, चिडचिड वाढली. पतिपत्नींमधली जवळीकही जवळपास थांबली होती आणि त्याबद्दल आम्ही दोघांनीही चकार शब्द काढला नव्हता. त्याच दिवसांत फोनवर जाहिराती दिसायला लागल्या: थकवा? निरुत्साह? चाळिशीनंतर पुरुषांमधलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घटतं, तपासून घ्या. मला एकदम उत्तर सापडल्यासारखं वाटलं. थकव्याला नाव मिळालं, आणि नाव असं की ते घेताना मान खाली घालावी लागत नाही. उलट त्यात पुरुषपणाची काळजी घेतल्याचा भाव होता.

शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या भागात असं एक क्लिनिक होतं. दुपारी जेवून, चार वाजता मी तिथे रक्त दिलं. आकडा आला २४८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर. ३०० च्या खाली म्हणजे कमी, असं सांगण्यात आलं आणि त्याच आठवड्यात पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, दर तीन आठवड्यांनी एक. आज मला ठाऊक आहे की टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. जेवणानंही ते खाली येतं. म्हणून तपासणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी करायची असते आणि एक आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करायची असते. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. प्रोस्टेट तपासली नाही, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी केली नाही. ही त्यांची चूक, आणि ती लहान नव्हे.

पण एक चूक माझी आहे आणि तीच मला जास्त सलते. सुरुवातीला एक दोन पानी अर्ज भरायचा होता. त्यात एक ओळ होती: ‘लघवीचा काही त्रास?’ पुढे दोन चौकोन. तेव्हा मी रात्री चार वेळा उठत होतो. धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागायचा, झाल्यावरही पुरतं झालंय असं वाटत नसे. समोर काचेपलीकडे पंचविशीतली एक मुलगी बसली होती, माझ्या मुलीहूनही लहान. पेन हातात धरून मी क्षणभर थांबलो आणि ‘नाही’समोरच्या चौकोनात खूण केली. बळ कमी झालंय हे सांगायला मी पैसे मोजून गेलो होतो. धार बारीक झालीय हे फुकट सांगता येत होतं, ते मी दडवलं.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाची हकिगत सापडली. मज्जासंस्थेवरच्या कामासाठी जगभर मान असलेला हा माणूस. १ जून १८८९ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर केलं की कुत्र्यांच्या आणि गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि मला गेलेली ताकद परत मिळाली. जिने भराभर चढता येतात, तासन् तास काम होतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजून ठेवली होती: लघवीची धार किती लांब पडते. इंजेक्शनं घेण्याआधी ती किमान पाव हिश्श्यानं आखूड होती, असं त्यांनी नोंदवलं. तो अर्क कुचकामी होता. अलीकडे संशोधकांनी त्यांच्याच कृतीनं अर्क काढून पाहिला, तर काही परिणाम व्हावा एवढं टेस्टोस्टेरॉन त्यात नव्हतंच. बरं वाटलं ते मनानं घेतलं म्हणून. खरं टेस्टोस्टेरॉन बैलांच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपात वेगळं झालं ते १९३५ साली, ॲम्स्टरडॅममध्ये. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिचका यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि १९३९चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं.

पण मला त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाबद्दल आदर वाटला तो वेगळ्या कारणानं. त्यांचा निष्कर्ष चुकला. तरी भर सभेत, आपल्या बरोबरीच्या विद्वानांपुढे, त्यांनी स्वतःच्या लघवीची धार आकड्यांत सांगितली. मला साध्या चौकोनात खूण करवली नाही.

चार इंजेक्शनं झाली. पहिल्या दोन आठवड्यांत मला खरोखर तरतरी आली. ती औषधाची होती की मनाची, हे मी आज सांगू शकत नाही. रात्रीचं उठणं चारावरून पाचावर गेलं, ते मी थंडीच्या खात्यावर टाकलं.

मग २०२४ची उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आली. त्या दिवशी वडोदऱ्यात घरात कोणी नसतं, सगळं गाव गच्चीवर. मला दोन दिवसांपासून सर्दी होती. नाक वाहतंय, शिंका येताहेत आणि गच्चीवर तर जायचंय, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. नाक कोरडं झालं. ऊंधियू-जिलेबी झाली, अंधार पडल्यावर पोरांनी आकाशकंदील सोडले, मी नातवाची फिरकी धरून उभा होतो. रात्री नऊनंतर लक्षात आलं की दुपारपासून आपण ‘जाऊन’ आलेलो नाही.

गेलो. उभा राहिलो. नळ सोडून पाहिला, बसून पाहिलं, पोट दाबून पाहिलं. एक थेंब नाही. अकरा वाजता परत, बारा वाजता परत. बेंबीखाली नारळाएवढा घट्ट फुगवटा हाताला लागत होता. दरदरून घाम फुटला होता आणि बाहेर कुठेतरी अजून भोंगा चालू होता. दाराबाहेरून ही म्हणाली, ‘अहो, काय होतंय? दार उघडा.’ मी म्हणालो, ‘काही नाही, जरा...’ आणि पुढचा शब्द फुटेना. अप्पांची ती शांतता आता माझी झाली होती आणि दाराबाहेर कोणीतरी ती ऐकत होतं.

रात्री दोन वाजता शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो. प्रत्येक गतिरोधकावर जीव जायची पाळी. अपघात विभागात मांजानं कापलेले, गच्चीवरून पडलेले लोक होते. मी भिंतीला टेकून, अर्धा वाकून उभा. पंचविशी-सव्विशीचा एक निवासी डॉक्टर आला, एका नजरेत त्याच्या लक्षात आलं. ‘काका, क्यारथी नथी थयो?’ कधीपासून झाली नाही, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, ‘बपोर थी.’ दुपारपासून. हे मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला सांगितलं, आणि तेही दुसऱ्या भाषेत. पडदा ओढला, बधिर करणारी जेली, नळी, एक जळजळीत कळ. मग खाली लावलेल्या पिशवीत पडणाऱ्या धारेचा आवाज. ती थांबतच नव्हती. पिशवीवरच्या खुणा तो मोठ्यानं वाचत होता, पाचशे, सातशे, शेवटी म्हणाला, ‘नऊशे.’ साधारणपणे चार-पाचशे मिलीलीटरला माणसाला राहवत नाही. मी डोळे मिटले होते. १९९१ साली नळी घातल्यावर अप्पा छताकडे बघत ‘आज मोकळं झालं’ म्हणाले होते. तेच शब्द माझ्या तोंडून आले.

दुसऱ्या दिवशी मूत्ररोगतज्ज्ञांसमोर बसलो तेव्हा मांडीला पिशवी बांधलेली होती आणि मनात राग होता. म्हटलं, या इंजेक्शनांनी माझं वाटोळं केलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सर्दीला काय घेतलंत? मी पाकीट दाखवलं. ते म्हणाले, पहिली आरोपी ही. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत दोन प्रकारची औषधं असतात. एक नाक कोरडं करतं, पण मूत्राशयाच्या स्नायूचा जोरही ढिला करतं. दुसरं नाकाच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि त्याबरोबर मूत्राशयाचं मुखही. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर एवढं निमित्त पुरतं. दर हिवाळ्यात असे रुग्ण येतात. माझी ग्रंथी सोनोग्राफीत ५८ ग्रॅम भरली. तरुणपणी ती २०च्या आसपास असते.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. सात प्रश्न, नळी लागण्याआधीच्या महिन्याबद्दल. लघवी झाल्यावर पुरती झाली नाही असं किती वेळा वाटलं? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागलं? मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली? रोखून धरणं जड गेलं? धार बारीक? जोर करावा लागला? रात्री किती वेळा उठलात? प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण पस्तीस. सातपर्यंत सौम्य, एकोणिसापर्यंत मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. या वेळी मी खरं लिहिलं. बेरीज झाली २२. खाली एक आठवा प्रश्न असतो, त्याचे गुण यात धरत नाहीत: उरलेलं आयुष्य असंच काढायचं ठरलं तर तुम्हाला कसं वाटेल? तो वाचल्यावर मला बराच वेळ काही लिहिता आलं नाही. अप्पांना हे कोणी विचारलं असतं तर?

टेस्टोस्टेरॉनबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतःही वाचून पडताळलं. जुनी भीती कुठून आली ते आधी. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की वृषणं काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिलं, तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात येतो. त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यावरून उलट बाजूही खरीच असणार, असं पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं: टेस्टोस्टेरॉन दिलं की प्रोस्टेट पेटणार. पण ग्रंथीला लागणारं टेस्टोस्टेरॉन तिला थोडक्यातच पुरं पडतं. माठ काठोकाठ भरला की वरून ओतलेलं पाणी बाहेर सांडतं, तसं. म्हणून अगदी कमी पातळीवरून वर येताना फरक पडू शकतो, नंतर फारसा नाही. २०२३ साली एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले. ट्रॅव्हर्स तिचं नाव. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेले ५,२०० हून अधिक पुरुष. निम्म्यांना जेल, निम्म्यांना नुसतंच दिसायला तसं. उच्च दर्जाचा, म्हणजे आक्रमक, प्रोस्टेट कर्करोग एका गटात ५ जणांना आणि दुसऱ्यात ३ जणांना, म्हणजे फरक असा नाहीच. लघवी तुंबण्याचं किंवा प्रोस्टेटसाठी शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाणही लक्षणीय वाढलं नाही. हृदयविकाराचे झटकेही वाढले नाहीत, मात्र हृदयाची लय बिघडणं, फुप्फुसात गुठळी जाणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं हे जेलच्या गटात जास्त दिसलं.

हे ऐकून मी जरा सैल झालो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘पण या चाचणीत तुम्हाला घेतलंच नसतं.’ प्रश्नावलीत १९ च्या वर गुण असलेले आणि पीएसए ३ च्या वर असलेले पुरुष तिच्यात घेतलेच नव्हते. म्हणजे सुरक्षिततेचा तो दाखला माझ्यासारख्यासाठी नव्हताच. तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात: लघवीचा त्रास तीव्र असेल तर आधी तो बघा, टेस्टोस्टेरॉन नंतर. त्या अर्जातली ती एक ओळ याचसाठी होती. माझा राग तिथेच उतरला, म्हणजे क्लिनिकवरचा सगळा नाही, पण इंजेक्शनावरचा.

नळी चौथ्या दिवशी काढली. तोवर टॅमसुलोसिन सुरू झालं होतं. ते ग्रंथी आणि मूत्राशयाच्या मुखाचा स्नायू सैल करतं. सुरुवातीला उठताना चक्कर येते, म्हणून रात्री झोपताना घ्यायचं. ग्रंथी मोठी असल्यानं पुढे दुसरी गोळीही दिली, आणि तिची गोष्ट मला विलक्षण वाटली. टेस्टोस्टेरॉनपासून प्रोस्टेटमध्ये डीएचटी नावाचं अधिक जहाल संप्रेरक तयार होतं. ग्रंथी वाढवतं ते हे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही घराण्यांत ते जन्मतः फारच कमी तयार होतं आणि तिथल्या पुरुषांची प्रोस्टेट म्हातारपणीही लहान राहते, हे १९७४ सालच्या संशोधनातून पुढे आलं. त्यावरून डीएचटी कमी करणाऱ्या गोळ्या निघाल्या. परिणाम दिसायला सहा महिने जातात, आणि पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसायला लागतो. डॉक्टर बदलला तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, नाहीतर तो खोट्या समाधानात राहील. मी ते माझ्या फाइलीवर लाल शाईनं लिहून ठेवलं आहे.

इंजेक्शनं थांबवून काही महिने गेल्यावर संप्रेरकतज्ज्ञांनी सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त घेतलं. ३३१ आणि ३४६. मला कमतरता नव्हतीच. इंजेक्शनांच्या काळातला हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, मात्र ५३ टक्क्यांवर गेला होता. ५४च्या वर रक्त इतकं दाट होतं की उपचार थांबवावा लागतो. आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.४ निघाली. थकव्याचं मूळ तिथे होतं, सुटलेल्या पोटात होतं, आणि पाचदा मोडणाऱ्या झोपेत होतं. रात्रभर झोप नाही तर दुपारी चारला डोळे मिटणारच. हे किती साधं होतं! रात्रीचं उठणं मी कोणाला सांगितलंच नव्हतं, मग दुपारच्या झोपेचं कारण कोणाला कसं कळणार?

याचा अर्थ ही थेरपीच खोटी, असं कोणी समजू नये. राजमहाल रोडवर राहणारा माझा एक वर्गमित्र आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचं त्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर टेस्टोस्टेरॉन नव्वदच्या घरात उतरलं. दाढी विरळ झाली, दंड वाळले, हाडं ठिसूळ व्हायला लागली. भेटायला गेलं की भिंतीकडे बघत बसायचा. त्याला जेल सुरू केली, तीही पीएसए, प्रोस्टेटची तपासणी आणि रक्त सगळं बघून. वर्षभरात तो माणसात आला. एकदा सकाळी मी त्याच्याकडे होतो. आंघोळ करून आला, पाकीट फाडलं, दोन्ही खांद्यांवर जेल चोळली आणि वाळेपर्यंत पंख्याखाली उभा राहिला. मग साबणानं दोनदा हात धुतले आणि बाह्यांचा सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून घातला. तोवर त्याची दोन वर्षांची नात ‘आजोबा, उचल’ म्हणत पाय धरून होती. त्वचेवरची जेल बायकामुलांच्या अंगाला लागली तर त्यांच्या शरीरावर परिणाम होतो. पोरीला नको त्या वयात लव फुटू शकते. बटणं लावून झाल्यावरच त्यानं तिला उचललं. ज्याला हे औषध खरोखर हवं असतं तो ते असं जपून वापरतो. त्याचं पीएसए सुरुवातीच्या महिन्यांत आणि पुढे ठरल्या वेळी बघतात. वर्षभरात १.४ हून जास्त चढलं तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जायचं, हे त्याला पाठ आहे.

आणि एक गोष्ट तरुणांसाठी इथेच लिहून टाकतो, कारण जिममध्ये हे कोणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदू वृषणांना हुकूम द्यायचं थांबवतो आणि शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. मूल हवं असलेल्यानं हे इंजेक्शन अंगाला लावून घेण्याआधी दहादा विचार करावा.

आता मी रात्री एकदा उठतो, कधी तेही नाही. संध्याकाळचा चहा सोडला, सहा किलो उतरलो, साखर साडेसहावर आली. या गणपतीत मी आरतीपासून प्रसादापर्यंत मांडवाच्या अगदी मधोमध बसलो होतो. हिनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही, फक्त हातातलं ताट माझ्याकडे दिलं.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा ग्वाल्हेरहून फोन आला. मुलाचं लग्न वडोदऱ्यात करायचं म्हणतोय, हॉल कुठला, जेवण कोणाकडे, असं बराच वेळ बोललो. मग तो म्हणाला, ‘दादा, मी आदल्या दिवशी न येता थेट लग्नाच्या सकाळी पोचतो. रात्रभराचा प्रवास आता झेपत नाही. आणि वरातीला तुम्ही सगळे जा, मी हॉलवरच थांबेन.’ स्वतःच्या मुलाच्या वरातीला. तो एकसष्टीचा आहे. मधल्या खोलीत अप्पांच्या वाटेला सर्वांत जवळ अंथरूण त्याचंच असायचं.

मी म्हणालो, ‘रात्री किती वेळा उठतोस?’

तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

‘दादा, असं का विचारतोस?’

‘मी चारदा उठायचो. मग पाचदा. मग एका रात्री तुंबली आणि नऊशे मिली निघाली. तुला सांगितलं नव्हतं. तू किती वेळा उठतोस?’

पुन्हा तीच शांतता. मला ती ओळखीची होती, मी घाई केली नाही. मागे खुर्ची सरकल्याचा, मग दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

‘चारदा,’ तो म्हणाला. ‘कधी कधी पाचदा. आणि दादा, सुरू व्हायलाच खूप वेळ लागतो रे.’

मी कागद-पेन जवळ ओढलं आणि त्याला पहिला प्रश्न वाचून दाखवला.